कोंड्याच्या मोलाची

शिट्टी झाली की हातोडी खाली टाकायची, डोक्यावरचा पदर घट्ट ओढायचा आणि बांधाच्या आड पळायचं, असा पाझर तलावाच्या कामावरचा नेम होता. शिट्टी सुरुंगाची. खडी फोडणाऱ्या साऱ्या बाया पूर्वेला बांधाकडं पळायच्या. साळूबाई एकटी पश्चिमेला पळायची, पोरांच्या मांडवाकडं.

"ए गहिनीनाथाचे! तिकडं कुटं मरायला?" श्रीमंत मुकादम ओरडायचा. "तिथवर धोंडा येत न्हाई, किती डाव सांगू?"

साळूला ते ठाऊक होतं. तरी पाय तिकडंच वळायचे.

त्या दिवशीही ती धापा टाकत मांडवात शिरली. वर पाचट टाकलेला चार मेढींचा मांडव. खाली गोधड्यांच्या पटकुरांवर पंधरा-सोळा पोरं ओळीनं झोपलेली. मेढीला झोळीत दोन तान्ही. कडेला मनकर्णा बसून तंबाखू मळत होती. पोरं राखायचा रोज तिला मिळायचा.

तेवढ्यात सुरुंग उडाला. पायाखालची जमीन हादरली, मांडवाच्या पाचटातून धुरळा खाली गळला. बाहेर कावळे ओरडत उठले. आणि पंधरा-सोळा पोरांतलं एकही पोर दचकलं नाही, रडलं नाही, कुणी कूस बदलली नाही.

साळू ओळीतल्या आपल्या पोरीपाशी वाकली. तिनं कोंडीला उचललं. पोरीची मान मागं लोंबली. ओठांच्या कडेला लाळ सुकलेली, श्वास चालू होता, पण लांबून आल्यासारखा.

"मनकर्णाबाय, काय दिलं पोरीला?"

"सगळ्यांना देते त्येच." मनकर्णानं तंबाखू दाढेत धरली. "मव्हरीयेवढी अफू. रडून रडून जीव द्यायची, त्यापरीस निजू दे की. म्या माझ्या सा लेकरांना दिली. तिघं बैलावानी हाइत."

"आन बाकीची तीन?"

"ती देवाची हुती," मनकर्णा म्हणाली आणि पिंक टाकायला बाहेर वाकली.

कोंडी जागी झाली तेव्हा दिवस मावळायला आला होता. साळूनं तिला खांद्यावर टाकलं आणि काष्टीच्या रस्त्यानं वाडीकडं चालू लागली. सारा रस्ता ती पोरीला बोलतं ठेवत होती. तो काय पक्षी? ती कुणाची शेळी? पोर अर्धंमुर्धं बोलायची आणि पुन्हा मान टाकायची. ओढ्याला ओल नव्हती, विहिरींचे तळ दिसत होते, होळी होऊन पंधरवडा झाला होता. दुष्काळानं माणसांना दगडावर आणून बसवलं होतं, आणि लेकरांनाही त्याच धुरळ्यात.

ह्या पोरीची गोष्ट जरा निराळी होती. साळूला आधी दोन मुलगे झाले. पहिला नऊ महिन्यांचा होऊन गेला. दुसरा चालायला लागलेला, एका सोमवारी त्याचं अंग तापलं आणि बुधवारी तो गेला. मग ही मुलगी. बाराव्या दिवशी शेजारची झुंबरबाई सुपात कोंडा घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राहिली. चाळिशीतली विधवा, पोटी काही नाही.

"पोरगी इकायची का?" तिनं बाहेरून विचारलं.

"इकायची," साळू आतून म्हणाली. तसंच म्हणायचं असतं.

"काय घेशील?"

"सूपभर कोंडा."

तीनदा विचारलं, तीनदा सांगितलं. झुंबरबाईनं कोंडा आत ओतला, पोरीला उंबऱ्यावरून उचलून छातीशी धरलं, मग परत साळूच्या ओटीत दिलं. "माझी लेक हाय. तुज्याकडं दुधापुरती ठिवली."

म्हणून नाव कोंडाबाई, म्हणून कोंडी. सटवाईला वाटावं, हे दुसरीचं, कोंड्याच्या मोलाचं पोर आहे, ह्याच्यात घेण्यासारखं काही नाही. पाच वर्षं भरेपर्यंत साळूनं तिला तोंडानं 'माझी' म्हणायचं नव्हतं. चारचौघांत मुका घ्यायचा नव्हता. पोर झुंबरबाईला 'आय' म्हणायची आणि साळूला 'साळू'. लोकांना त्याचं काही वाटायचं नाही. साळूलाही आताशा वाटत नव्हतं, निदान ती तसं म्हणायची. पोर जगली होती. तिला चौथं लागलं होतं. साळू रोज न्हाऊन तुळशीच्या वाळल्या काडीला हात जोडायची आणि आपल्या पिण्यातलं ओंजळभर पाणी तिच्या मुळाशी घालायची. मागणं एकच, एवढं दीड वर्ष निभू दे.

घरी तिचा नवरा गहिनीनाथ दावणीच्या मोकळ्या खुंट्याजवळ बसला होता. बैल कधीच गुरांच्या छावणीला गेले होते. साळूनं त्याला अफूचं सांगितलं.

"देवळातल्या बालवाडीत घाल तिला," तो म्हणाला. "बाई गानी शिकवत्यात. सुकडी देत्यात, गोड पीठ, मूठमूठ."

"आकरापस्तोर असती ती. आपुन दिवस बुडता येतो. मदी पोरगी कुटं ऱ्हाईल?"

"माज्याकडं," दारातून आवाज आला. झुंबरबाई काठवट मागायला आली होती आणि सारं ऐकत उभी होती. ती आत आली, कोंडीचं तोंड वर करून तिच्या डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या. "अगं आई गं! अफू? माझ्या लेकीला? साळे, आता त्या मांडवात पाऊल न्हाई टाकायचं तिनं. मी न्हेईन, मी आनीन."

"व्हय मावशे," साळू म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

"नायतर मी काय म्हनते," झुंबरबाई खाली बसली. "माझा भाऊ हाय राहुरीला. मुळा नदीचं पानी हाय तिकडं, डोळ्याला हिरवं दिसतं. तिथं बालवाडी शिमिटाची हाय म्हनं, दूध देत्यात पेल्यानं. मी जानारच हाय पाऊस पडूस्तोर. घिऊन जाते की माझी लेक."

ती हे हसत म्हणाली. तिला द्यायला उचललेली काठवट साळूच्या हातात मात्र जड झाली. झुंबरबाई 'माझी लेक' शंभरदा म्हणायची. म्हणायलाच हवं होतं तिनं. पण आज त्या शब्दात काहीतरी खरं उतरल्यासारखं वाटलं.

"आधी हितं बघू," ती कशीबशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साळूनं पोरीला न्हाऊ घातलं. तांब्याभर पाण्यात, तेच पाणी परातीत धरून पुन्हा वापरलं. कपाळाला, गालाला काजळाचं बोट लावलं आणि मारुतीच्या देवळात नेलं. सभामंडपात वीसेक पोरं गोल बसून टाळ्या वाजवत होती. शिकवणाऱ्या सुनीतीबाई नगरच्या. टपाल सांभाळणाऱ्या विष्णुपंतांच्या पुतणी. दिवाळीनंतर गावात आल्या होत्या. पोरांना अहो-जाहो करायच्या, त्याचं गावाला हसू यायचं.

"या, बसा. नाव काय म्हणायचं आपलं?" त्यांनी कोंडीला विचारलं.

"कोंडी."

"कोंडाबाई गहिनीनाथ," साळू म्हणाली. बाईंनी लांबट वहीत लिहिलं.

"आईचं नाव?"

साळूनं वहीकडं बघितलं. वहीत लिहिलेलं म्हणजे कायमचं. तोंडानं बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं राहतं, आणि कोण कधी वाचील सांगता येत नाही. वर गाभाऱ्यात मारुती होता. सटवाईलाही लिहिता येतं. तीच तर कपाळावर लिहिते.

"आईचं नाव सांगा ना."

"झुंबरबाई," साळू म्हणाली.

"तुम्हीच का झुंबरबाई?"

"न्हाई."

"मग तुम्ही कोण तिच्या?"

साळूनं इकडं तिकडं बघितलं. "मी... आनून सोडनारी."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "असं करा, आईला पाठवून द्या. अंगठा लागतो. आणि सुटल्यावर मी मूल आईच्याच हाती देते हं. पौषात खालच्या आळीतलं एक लेकरू कुणी मामा म्हणून आला आणि घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी दौंडच्या स्टेशनात सापडलं. तेव्हापासून वहीत जिचा अंगठा, तिच्याच हाती."

झुंबरबाई नवं लुगडं नेसून गेली. परत आली ती शाईचा अंगठा तसाच वर धरून. दोन दिवस तिनं तो धुतला नाही.

कामावर ही गोष्ट खडीपेक्षा लवकर फुटली.

"आगं बया!" छबूबाई हातोडी थांबवून म्हणाली. "गहिनीनाथानं झुंबरीसंगं लगीन लावलं म्हन! वहीत लिवलंय. आन साळी कोन, तर मोलकरीन!"

बाया हसहसून लोळल्या. श्रीमंत मुकादमही हसला. "मग मस्टरवर काय लिवू गं? आनून सोडनारी?"

साळूही हसली. हसता हसता हातोडी चुकली आणि डाव्या हाताचं नख फुटलं. तिनं बोट तोंडात घातलं, चिंधी बांधली आणि पुन्हा दगड पुढं ओढला. शिट्टी झाली की आता ती चारजणींसारखी पूर्वेला पळत होती. बांधाआड बसून कानात बोटं घालायची. पोर सुरुंगापासून लांब होती, अफूपासून लांब होती. तरी भीती जात नव्हती, तिनं फक्त जागा बदलली होती. आधी ती मांडवात असायची, डोळ्यांसमोर. आता कुठं आहे तेच कळत नव्हतं.

कोंडी मात्र फुलत होती. संध्याकाळी घरी येऊन हात नाचवत गाणं म्हणायची, खोबऱ्यासारखी सुकडी मुठीत राखून आणायची. "आयनं मला पेरू दिला." "आयनं येनी घातली." "आय म्हनली, आपुन मोटारीत बसनार."

"कंच्या मोटारीत?" साळूनं विचारलं.

"यष्टीत. लांब."

साळूनं गहिनीनाथाकडं बघितलं. तो पायातला काटा काढत होता, वर बघेना.

"तुमाला ठाव हुतं?"

"म्हनत हुती झुंबरमावशी. गुरुवारी जानार हाय." त्यानं काटा नखावर ठेवून बघितला. "आगं, दोन-तीन महिन्यांचा तर वकुत. तिकडं दूध हाय, बरी शाळा हाय. हितं काय हाय? पोट तरी भरंल पोरीचं."

"आन माघारी न्हाई आनली तर?"

"यडी का खुळी तू? का न्हाई आननार?"

"तिची हाय म्हनून."

गहिनीनाथानं काटा फेकून दिला. उंबऱ्याशी तीनदा झालेला सौदा त्यानंही ऐकला होता. तो मोडायचा कसा? 'देत नाही' म्हणायचं, तर 'का?' ह्याचं उत्तर एकच होतं, आणि ते तोंडातून काढलं की पोरीवर काय येईल हे साळूनं दोनदा पाहिलं होतं. पहिल्याला ती 'माझा राजा' म्हणायची. दुसऱ्यालाही.

बुधवारी संध्याकाळी ती झुंबरबाईकडं गेली. झुंबरबाई बोचकं बांधत होती. त्यात कोंडीचे दोन झगे होते, धुऊन घडी केलेले.

"मावशे, मी काय म्हनते, पोर हितंच ऱ्हाऊ दी. बालवाडीला रुळली हाय."

"अगं, तिकडली यापरीस बरी हाय."

"मला करमायचं न्हाई."

झुंबरबाईनं हात थांबवला. तिचा आवाज खाली आला. "आन मला करमतं व्हय गं एकलीला? साडेतीन वरसं 'आय' म्हनतीय मला. तुला मागनं व्हतील अजून. मला कोन व्हनार हाय?" मग लगेच डोळे पुसून ती हसली. "दोन महिन्यांनी येते की. जा, निज जा. सकाळी तिला बालवाडीत पोचती कर, भुकेली आसंल तर सुकडी तरी खाईल. साडेअकराची यष्टी हाय. मी तिथूनच घेते."

गुरुवार साळूचा उपासाचा वार. सकाळी तिनं तुळशीला पाणी घातलं, हात जोडले, आणि काय मागावं ते तिला सुचेना. ठेव म्हणावं की घेऊन जाऊ दे म्हणावं? कुठं ठेवली म्हणजे जगेल? तिला वाटलं, देवानं एवढं तरी सांगावं. तुळशीची काडी हलली नाही. तिनं पोरीला देवळात सोडलं आणि कामावर गेली.

दहाच्या सुमाराला शिट्टी झाली. बाया उठल्या, पळाल्या. साळूही पळाली, बांधापर्यंत गेली, आणि थांबलीच नाही. बांध ओलांडला, ओढा ओलांडला. मागं सुरुंग उडाला तेव्हा ती वाडीच्या रस्त्याला लागली होती. अनवाणी पायाखाली फुफाटा पोळत होता, पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. मागून श्रीमंत ओरडला, "साळे, आजचा खाडा लावीन हां!" त्याचा आवाज वाऱ्यात विरून गेला. धावताना तिच्या मनात एकच हिशेब होता, सावली केवढी उरली? अकरा वाजायला किती उरलं?

देवळात पोरं रांगेत बसून पत्रावळीवर सुकडी खात होती. कोंडी रांगेत तिसरी.

"बाई, पोरगी द्या."

सुनीतीबाई उठल्या. "का हो? काय झालं? आणि तिची आई?"

"मला द्या. आत्ता."

"असं कसं देता येईल? तुम्हाला सांगितलं होतं मी. वहीत अंगठा आहे तिच्या आईचा."

साळूनं खांबाला हात टेकला. छाती भात्यासारखी हलत होती. पोरं खायची थांबली. तेवढ्यात दारात सावली पडली. डोक्यावर बोचकं, नवं लुगडं. झुंबरबाई आत आली. साळूला बघून ती जागच्या जागी थांबली.

"आय!" म्हणून कोंडी उठली आणि सुकडीचे हात तसेच घेऊन तिच्याकडं धावली. झुंबरबाईनं तिला कडेवर घेतलं. साळू मधे आली, दोघींच्या आणि दाराच्या मधे.

"मावशे, न्हेऊ नगं."

"यष्टी चुकंल, साळे. बाजूला व्हय."

"न्हेऊ नगं म्हनते ना."

"का पन?" झुंबरबाईचा आवाज चढला. "अंगठा कुनाचा हाय? इचार बाईला!"

"अहो, काय चाललंय हे?" सुनीतीबाई म्हणाल्या. "देवाच्या दारात... ही मुलगी कुणाची आहे? नीट सांगा बरं मला एकदा."

साळूनं तोंड उघडलं. झुंबरबाईच्या ध्यानात आलं, काय येतंय ते. तिच्या चेहऱ्यावरचा राग एकदम उतरला आणि तिथं साळूच्या मनातलीच भीती उभी राहिली, तशीच्या तशी.

"साळे, बोलू नगं!" ती ओरडली. "पाया पडते तुज्या, बोलू नगं गं बाई! अजून पाच भरली न्हाइत. मी न्हाई न्हेत तिला. बघ, खाली ठिवली. पर तोंडातनं काढू नगं!"

तिनं खरंच कोंडीला खाली ठेवलं. आता न बोलताही निभलं असतं. एवढ्यावर साळू पोरीचा हात धरून गेली असती तर ती सकाळ टळली असती. पण उद्याचं काय? पावसानंतरचं काय? उद्या वहीत हीच आई, परवाही हीच.

"माझी हाय," साळू म्हणाली.

झुंबरबाईनं दोन्ही हातांनी कोंडीचे कान झाकले.

"माझी हाय, बाई. मी जनलीय. आनून सोडनारी न्हाई. साळूबाई गहिनीनाथ लिवा. ती हितंच ऱ्हाईल, ह्याच शाळंत. आकराला मीच न्याला यीन, मग दुपारी कामावर माझ्यापाशी बसंल. मांडवात न्हाई."

सुनीतीबाईंनी वही उघडली, झुंबरबाईच्या नावावर एक आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं. शाईची गादी पुढं केली. फुटक्या नखाचं बोट बाजूला धरून साळूनं अंगठा टेकवला. ठसा जरा पसरला.

"चालेल," बाई हळूच म्हणाल्या.

झुंबरबाईनं बोचकं सोडलं, दोन झगे काढून पायरीवर ठेवले. मग कोंडीच्या तोंडावरून हात उतरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. कडाकड मोडली. साळूकडं तिनं बघितलं नाही. "जपा तिला," म्हणाली, कुणाला म्हणाली कोण जाणे, आणि फाट्याच्या रस्त्यानं निघून गेली. पाठ ताठ होती. वळणापर्यंत तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"आय कुटं चालली?" कोंडीनं विचारलं.

"गावाला."

"मी?"

"तू हितं."

पोर रडली. रडता रडता साळूच्या लुगड्याला सुकडीचे हात पुसले. अकरा वाजले, बालवाडी सुटली. साळूनं तिला कडेवर घेतलं आणि कामाच्या रस्त्याला लागली. माळावर सावली नव्हती. दोन शेतं गेल्यावर कोंडीनं मान तिच्या खांद्यावर टाकली आणि गप्प झाली.

"कोंडे?"

पोर हूं म्हणाली.

"कोंडे, निजू नगं. तो बघ, कोन पक्षी हाय?"

पोर बोलली नाही. साळूनं तिच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ तापलेलं होतं. ऊन आहे, तिनं स्वतःला सांगितलं, डोईवर ऊन आहे, सगळंच तापलंय, दगडही तापलेत. ती वाट सोडून बांधावरच्या एकट्या लिंबाखाली गेली, खाली बसली, पोरीला मांडीवर आडवी घेतली. पदरानं वारा घातला. पुन्हा हात ठेवला. कळेना. तिचा तळवा दगडांनी घट्टे पडून जाड झाला होता, शिवाय तोही तापलेला होता. त्याला काही सांगता येईना.

मग तिनं इकडं तिकडं बघितलं. माळावर कुणी नव्हतं. असतं तरी आता काय. ती खाली वाकली, आपला गाल पोरीच्या कपाळाला लावला, आणि तिथंच ठेवला, निवतंय का बघत.